देहातील धरण

रोहे तालुक्यातील कोलाड गावाजवळून कुंडलिका नदी वाहते. पावसाळा सरून कित्येक महिने लोटले, तरी तिचे पात्र कोरडे पडत नाही. कारण मुळशीच्या धरणात साठवलेले पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिऱ्याच्या वीजगृहात येते आणि वीज निर्माण करून कुंडलिकेत सोडले जाते. मनुष्याच्या देहातही असेच एक धरण आहे. त्यात पाणी नव्हे, तर साखर साठते. हे धरण शोधून काढणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे क्लोद बर्नार.

क्लोदचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्समधील सँ-ज्युलियँ या खेड्यात झाला. वडील द्राक्षांचे मळे करीत. घरची स्थिती बेताची असल्यामुळे क्लोदला लिआँ शहरातील एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करावी लागली. बाटल्या धुता धुता त्याला नाटके लिहिण्याचा छंद जडला. १८३४ साली आपले नाटक घेऊन तो मोठ्या उमेदीने पॅरिसला गेला. तेथील एका नामांकित समीक्षकाने ते वाचले आणि पोटापाण्यासाठी वैद्यक शिकावे, असा सल्ला त्याला दिला. क्लोद खट्टू झाला, पण त्याने तो सल्ला मानला. वैद्यकातही त्याची चमक प्रथम कोणास दिसली नाही. इस्पितळातील उमेदवारीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या २९ जणांत त्याचा क्रम २६वा होता. परंतु माझांदी या विख्यात प्राध्यापकांनी त्याच्या हातातील कौशल्य हेरले व त्याला आपला साहाय्यक नेमले.

त्या काळी विद्वानांची अशी ठाम समजूत होती, की साखर केवळ वनस्पतीच तयार करतात. प्राण्यांना ती अन्नातूनच मिळते. बर्नार यांनी ही समजूत पारखून पाहण्याचे ठरविले. १८४८ साली त्यांनी एका कुत्र्याला केवळ मांसावर ठेवले. त्याच्या अन्नात साखर नव्हती; तरीही यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात त्यांना साखर आढळली. मग ती आली कोठून? पुष्कळांनी त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला नाही.

या वादाचा निकाल लागण्यास एक योगायोग कारणीभूत झाला. बर्नार प्रत्येक यकृताची तपासणी दोनदा करीत. एके दिवशी वेळ न मिळाल्यामुळे दुसरी तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली आणि पाहतात तो साखर वाढलेली! दुसऱ्या कोणी ती चूक समजून सोडून दिली असती. बर्नार यांनी मात्र यकृतातून पाणी वाहवून त्यातील साखर पार धुऊन काढली. दुसऱ्या दिवशी त्याच यकृतात पुन्हा साखर सापडली. १८५७ साली तिचे मूळ असलेला पिठासारखा पदार्थ त्यांनी वेगळा केला. तोच ग्लायकोजेन होय.

परंतु या धरणाचे दरवाजे कोण उघडतो? १८४९ साली बर्नार यांनी सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठरावीक जागी सुई टोचली. थोड्याच वेळात त्याच्या रक्तातील साखर वाढली व ती लघवीतही उतरली. मेंदूची आज्ञा एका विशिष्ट मज्जातंतूतून यकृताकडे जाते, असा त्यांचा तर्क होता. तो तंतू तोडून पाहता साखर तरीही वाढली. आपला तर्क चुकला हे त्यांनी स्वच्छ मान्य केले आणि पुढे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर प्रयोग करून आज्ञेची खरी वाट शोधली.

या ज्ञानाची किंमत त्यांना मोजावी लागली. दमट, अंधाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची प्रकृती ढासळली. प्राण्यांवरील प्रयोग त्यांच्या पत्नीला मुळीच मान्य नव्हते. अखेर दोघे विभक्त झाले. १० फेब्रुवारी १८७८ रोजी बर्नार यांचे निधन झाले. फ्रान्सने त्यांची अंत्ययात्रा शासकीय इतमामाने काढली. हा मान तोवर तेथील कोणत्याही शास्त्रज्ञाला मिळाला नव्हता.

त्यांनी दाखविलेल्या वाटेने पुढे पुष्कळ संशोधन झाले. १९६२ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. बाल कृष्ण आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी, रक्तातील साखर बदलताच मेंदूतील भुकेशी संबंधित केंद्रांचे कार्य बदलते, असे दाखविले. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाएवढे. पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटाच खर्च करतो. म्हणून साखर घटू लागली की मेंदूतील पेशी तत्काळ सावध होतात. स्वादुपिंडातून ग्लुकागॉन व मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन रक्तात उतरते आणि यकृत आपला साठा मोकळा करते. घाम फुटतो, हात थरथरतात, भूक खवळते. मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्या माणसाचे जेवण चुकले, तर पुष्कळदा अशी वेळ येते. तो शुद्धीवर असेल तर त्याला साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित डॉक्टरांना बोलवावे.

लिआँच्या दुकानात बाटल्या धुणाऱ्या त्या मुलाचे नाटक रंगभूमीवर गाजले नाही. पण एका दिवसाने लांबलेल्या तपासणीकडे त्याने दुर्लक्ष केले नाही, म्हणून देहातील हे धरण जगाला दिसले.