लेनर्ड ब्लूमफिल्ड : शब्दाच्या आतील रचनेचा शोध

मागील घटकात तुम्ही स्वनिमाची संकल्पना अभ्यासली. रूपविचाराकडे वळण्यापूर्वी ज्या अभ्यासकामुळे ‘रूपिम’ या संज्ञेला आजचा नेमका अर्थ मिळाला, त्याच्या जीवनाचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल. संज्ञा मूळची पोलिश भाषावैज्ञानिक बोदवँ द कुर्तने यांची. परंतु तिला काटेकोर पद्धतीचा आधार दिला तो लेनर्ड ब्लूमफिल्ड यांनी.

ब्लूमफिल्ड यांचा जन्म 1 एप्रिल 1887 रोजी शिकागो येथे झाला. त्यांचे बालपण विस्कॉन्सिन राज्यातील एल्कहार्ट लेक या लहानशा गावात गेले. त्यांचे चुलते मॉरिस ब्लूमफिल्ड हे वेदविद्येचे थोर पंडित. वैदिक मंत्रांची त्यांनी तयार केलेली विस्तृत सूची आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. संस्कृताचे वारे घरातच होते, असे म्हणावयास हरकत नाही. हार्वर्ड येथून 1906 मध्ये पदवी घेऊन ते विस्कॉन्सिन विद्यापीठात जर्मन शिकवू लागले. तेथे एडुआर्ड प्रोकोश या तरुण प्राध्यापकाच्या भेटीने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. 1909 मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट आणि 1913-14 मध्ये लाइप्झिग व ग्योटिंगेन येथे ब्रुगमान, लेस्कीन, ओल्डेनबर्ग यांच्याजवळ अध्ययन, असा हा प्रवास आहे. म्हणजे त्यांची जडणघडण झाली ती ऐतिहासिक भाषाभ्यासात. आपल्याकडील काही पाठ्यपुस्तके त्यांना परंपरेकडे पाठ फिरवणारे म्हणून रंगवतात, ते मला पटत नाही.

शब्द फोडावयाचा कसा, हा प्रश्न त्यांच्यासमोर ग्रंथालयात उभा राहिला, त्याहून अधिक तीव्रतेने तो माणसांसमोर बसल्यावर उभा राहिला. इलिनॉय विद्यापीठात शिकत असलेल्या एका फिलिपिनो विद्यार्थ्याकडून कथा ऐकून त्यांनी टागालोग भाषेचे विश्लेषण केले. ते 1917 मध्ये प्रसिद्ध झाले. 1920 व 1921 च्या उन्हाळ्यांत ते विस्कॉन्सिनमधील मेनॉमिनी या मूलनिवासी समाजात राहिले. त्या भाषेत एकाच क्रियारूपात कर्ता, कर्म, कृतीचे साधन असे कितीतरी सामावते. लिखित व्याकरण हाताशी नाही, शब्दांमधील मोकळी जागा दाखवणारी छापील ओळही नाही. अशा वेळी अभ्यासकाने भाग पाडावयाचे ते कशाच्या बळावर?

त्यांचे उत्तर 1926 च्या लेखात आणि पुढे 1933 च्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात आले. रूपांची परस्परांशी तुलना करावी, आणि ज्याचा अर्थ कायम ठेवून आणखी तुकडा पाडता येत नाही, तो रूपिम मानावा. ‘प्लेअर’, ‘सिंगर’, ‘डान्सर’ हे इंग्रजी शब्द शेजारी ठेवून पाहा. ‘प्ले’ स्वतंत्रपणे उच्चारता येते, म्हणून ते मुक्त रूप. ‘-अर’ एकटे कधीच येत नाही, म्हणून ते बद्ध. मात्र तुकडे पाडताना क्रम सांभाळावा लागतो. ‘अनफ्रेंडली’ या विशेषणात आधी ‘फ्रेंड’ आणि ‘-ली’ एकत्र येतात व नंतर ‘अन-’ जोडले जाते. उलट क्रमाने फोडल्यास शब्दाचा अर्थ हातातून निसटतो. अनेकवचनी प्रत्यय ‘कॅट्स’मध्ये स, ‘डॉग्ज’मध्ये झ आणि ‘हॉर्सेस’मध्ये इझ असा ऐकू येतो, तरीही तो एकच रूपिम, कारण कोणते रूप कोठे यावयाचे हे आधीच्या ध्वनीवरून ठरते.

इथपर्यंत सारे सरळ आहे. खरी अडचण ‘क्रॅनबेरी’ या शब्दाशी येते. ‘ब्लॅकबेरी’तील ‘ब्लॅक’ ओळखीचे आहे. पण ‘क्रॅन’ म्हणजे काय? इतिहास सांगतो की जर्मन बोलीतील क्रौंच पक्ष्याच्या नावाशी त्याचे नाते आहे. आजच्या बोलणाऱ्याला तो पक्षी दिसत नाही, आणि ‘क्रॅन’ दुसऱ्या कोणत्या शब्दात येतही नाही. ब्लूमफिल्ड यांनी त्याला रूपिमच मानले. ‘बेरी’ वेगळी काढल्यावर उरणारा अंश एका फळाला दुसऱ्यापासून वेगळे करतो, तेवढे पुरेसे आहे. आपल्या ‘शेजारीपाजारी’तील ‘पाजारी’विषयी तुम्ही काय म्हणाल? तो अंश अन्यत्र कोठे आढळतो का, याचा शोध घ्या.

मात्र ‘अर्थ’ या शब्दापाशी ब्लूमफिल्ड अडखळतात. अर्थाचे शास्त्रशुद्ध वर्णन अद्याप आवाक्याबाहेर आहे असे ते मानीत, आणि त्याच वेळी रूपिमाच्या व्याख्येत अर्थाचाच आधार घेत. हा अंतर्विरोध त्यांच्या अनुयायांना दीर्घकाळ छळत राहिला. ‘फ्लॅश’, ‘फ्लेम’, ‘फ्लिकर’ यांच्या आरंभीचा ‘फ्ल’ अर्थपूर्ण मानावा की नाही, हे केवळ तुलनेने सुटत नाही.

पाणिनीच्या व्याकरणाविषयी त्यांना जन्मभर विलक्षण आदर होता. 1939 मध्ये मेनॉमिनीवर लिहिलेल्या लेखात त्यांनी मूळ रूपे गृहीत धरून त्यांवर ठरावीक क्रमाने नियम चालवले. अष्टाध्यायी वाचलेल्याला ती पद्धत परकी वाटत नाही. मराठीपुरते सांगावयाचे तर अशोक केळकर यांनी 1958 मध्ये मराठीच्या स्वनविचारावर व रूपविचारावर प्रबंध सादर केला तो कॉर्नेल विद्यापीठात, जेथे ब्लूमफिल्ड परंपरेतील चार्ल्स हॉकेट अध्यापन करीत होते.

1940 मध्ये ब्लूमफिल्ड येल विद्यापीठात आले. महायुद्धाच्या काळात सैनिकांना परभाषा शिकवण्याच्या कार्यात त्यांनी स्वतःला झोकून दिले. मे 1946 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि लेखन थांबले. 18 एप्रिल 1949 रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. मेनॉमिनीचे सविस्तर व्याकरण तेव्हा अप्रकाशितच होते. ते 1962 मध्ये छापले गेले. त्याच्या एक वर्ष आधी त्यांचे आणखी एक पुस्तक बाहेर आले होते. ते मुलांना इंग्रजी वाचन शिकवण्यासाठी होते, आणि त्यात ‘कॅन’, ‘फॅन’, ‘मॅन’ अशा नियमित वर्णलेखनाच्या शब्दांपासून आरंभ केला होता.