जमशेटजी टाटा : ध्येयाचा दीर्घ पल्ला

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले. या डोंगरांशी जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या पोलादविषयक ध्येयाचाही एकदा संबंध आला होता. दीर्घ पल्ल्याचे ध्येय कसे बाळगावे, हे समजून घेण्यासाठी तो इतिहास उद्बोधक आहे.

३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे जन्मलेल्या जमशेटजींनी १८७७ च्या आरंभी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिचा जम बसल्यावर, १८८२ मध्ये, चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. पोलादाचा कारखाना काढण्याचा संकल्प तेव्हापासून त्यांच्या मनात रुजला. परंतु सरकारी खाणनियम जाचक होते. पुढील सतरा वर्षे हे काम स्थगित राहिले. संकल्प मात्र विरला नाही. १८९९ मध्ये, कर्झन यांच्या कारकिर्दीत, नियम शिथिल होताच त्यांनी तो विषय पुन्हा हाती घेतला आणि १९०२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, अमेरिकेत जाऊन चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याचे साहाय्य मिळविले.

पुत्र दोराबजी आणि भूवैज्ञानिक वेल्ड यांनी चांद्याचा प्रदेश पालथा घातला. पण तेथे निराशाच पदरी आली. नागपूरच्या संग्रहालयातील एका भूस्तरीय नकाशामुळे दोराबजींचे लक्ष दुर्ग जिल्ह्याकडे वळले. दल्ली-राजहराचे खनिज उत्कृष्ट निघाले. तथापि योग्य कोळसा व मुबलक पाणी जवळपास नसल्याने तेही स्थळ सोडावे लागले. याच दुर्ग प्रदेशाचे पूर्वी सर्वेक्षण केलेले प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजमधील खनिजाची वार्ता कळविली आणि अखेर साकची येथे कारखाना उभा राहिला.

१९१२ मध्ये तेथे पोलाद तयार झाले, तेव्हा जमशेटजी हयात नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले होते. बंगलोरची विज्ञानसंस्था आणि खोपोलीची जलविद्युत योजना हीदेखील त्यांच्या पश्चातच साकार झाली.

स्थळे बदलली, मार्ग बदलले, वर्षे लोटली. ध्येय तेवढे अढळ राहिले. आपल्या आयुष्याची मर्यादा त्यांनी आपल्या ध्येयाला घातली नाही, म्हणूनच ते इतरांना पुढे नेता आले. दोराबजींनी सोडलेले दल्ली-राजहराचे डोंगरही व्यर्थ गेले नाहीत. अर्धशतकानंतर, दूरचा कोळसा रेल्वेने आणून, भिलाईने त्यांचे पोलाद केले.