डॉ. अलेक्झांडर आणि बारी बंदरातले गुपित

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या पार्क रिज या छोट्या गावी वडिलांचा दवाखाना पुढे चालवायचा, एवढीच स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांची आयुष्याकडून अपेक्षा होती. त्यांचा जन्म 1914 चा. डार्टमथ आणि कोलंबिया इथे शिकून ते डॉक्टर झाले आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवेत गेले. लष्कराने त्यांना मेरीलँडमधल्या एजवूड आर्सेनल या रासायनिक युद्धाच्या केंद्रात धाडले. विषारी रसायनांनी माणसाच्या शरीराचे काय होते आणि त्यावर काय करता येते, हा त्यांचा विषय ठरला तो तिथे. 1943 मध्ये ते आयसेनहॉवर यांच्या अल्जिअर्स येथील मुख्यालयात याच विषयाचे वैद्यकीय सल्लागार होते. वय होते 29.

त्यांच्या अभ्यासातले सर्वांत दगाबाज रसायन म्हणजे मस्टर्ड वायू. नाव वायूचे असले तरी हा पदार्थ तेलकट द्रव आहे. मोहरीचा त्यात अंशही नाही. वास मात्र कुणाला मोहरीसारखा, कुणाला लसणासारखा येतो. जुलै 1917 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी तो प्रथम वापरला. त्याचा दगाबाजपणा असा की, अंगावर पडला तरी त्या क्षणी काहीच होत नाही. आग नाही, वेदना नाही. तो त्वचेत शिरतो आणि काही मिनिटांतच पेशींमधल्या डीएनएला जखडतो. डोळे सुजणे, कातडी लाल होऊन टरटरून फोड येणे, घसा बसणे, खोकला हे सारे दिसू लागते ते दोन तासांपासून चोवीस तासांपर्यंत केव्हाही. तोवर आतले नुकसान होऊन गेलेले असते. काखा, जांघा अशा घामाच्या, ओलसर जागी मार सर्वांत जास्त बसतो.

2 डिसेंबर 1943 च्या संध्याकाळी इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील बारी बंदरात दोस्तांची जहाजे गर्दी करून उभी होती. ब्रिटिश आठव्या सैन्याची रसद याच बंदरातून जाई. (या सैन्यात आपली आठवी भारतीय डिव्हिजनही होती आणि तिच्यात मराठा पलटणीचे जवान होते.) माल उतरवण्याचे काम रात्रीही चालावे म्हणून दिवे लख्ख लावलेले होते. शंभराहून अधिक जर्मन बॉम्बफेकी विमाने आली आणि वीसेक मिनिटांत बंदराची होळी करून गेली. सतरा जहाजे बुडाली. त्यांतल्या जॉन हार्वी या अमेरिकी जहाजात मस्टर्डचे सुमारे दोन हजार बॉम्ब होते. जर्मनांनी वायू वापरलाच तर उलट मारा करता यावा म्हणून ते गुपचूप आणले होते. जहाज फुटले आणि या मालाची माहिती असलेले जहाजावरचे सगळे त्याच्याबरोबर गेले. मस्टर्ड मात्र पाण्यावरच्या इंधनतेलात मिसळून बंदरभर पसरले. जीव वाचवायला समुद्रात उड्या टाकलेले खलाशी त्यातूनच पोहत होते.

त्यांना बाहेर काढून इस्पितळात नेले गेले. तिथे आधी लक्ष गेले ते हातपाय तुटलेल्यांकडे, आणि ते स्वाभाविकच होते. तेलाने माखलेले, थंडीने कुडकुडणारे पण वरवर धडधाकट खलाशी ओल्या कपड्यांनिशी ऊबदार ब्लँकेटांत गुंडाळून ठेवले गेले, त्यांना गरम चहा दिला गेला. मायेने केलेली ही शुश्रूषाच त्यांना घातक ठरली, कारण ब्लँकेटाच्या उबेत विष तासन् तास कातडीत मुरत राहिले. बिस्टेरा नावाच्या एका ब्रिटिश जहाजाने तीसेक जणांना पाण्यातून उचलले आणि ते टारांटोकडे निघाले. काही तासांत वाचवणाऱ्या खलाशांचेच डोळे मिटले आणि जहाज धक्क्याला लावणेही मुश्कील झाले. इस्पितळात दुसऱ्या दिवशी फोड दिसू लागले. रक्तदाब कोसळलेले रुग्ण फारशी तक्रार न करता पडून असत आणि अचानक मरत. नेहमीच्या धक्क्यावर, म्हणजे शॉकवर चालणारे उपचार इथे लागू पडेनात.

7 डिसेंबरला अलेक्झांडर बारीत पोहोचले. इस्पितळात पाऊल टाकताच त्यांना लसणासारखा वास जाणवला आणि रुग्णांच्या कातडीकडे पाहून संशय पक्का झाला. बंदराच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मात्र असा काही माल आलाच नसल्याचे सांगितले. मग त्यांनी डॉक्टराला शोभेल असाच मार्ग धरला. कोणता रुग्ण हल्ल्याच्या वेळी कोणत्या जहाजावर होता, याची नोंद त्यांनी बंदराच्या नकाशावर केली. मृत्यू जॉन हार्वीच्या आसपास दाटलेले दिसले. पाणबुड्यांना बंदराच्या तळाशी बॉम्बच्या कवचाचा तुकडा सापडला आणि तो अमेरिकी बनावटीचा निघाला. म्हणजे विष आपलेच होते.

मस्टर्डवर उतारा नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. ल्युइसाइट या दुसऱ्या विषावर ब्रिटिशांनी शोधलेले औषध मस्टर्डवर चालत नाही. जे हाती असते ते पहिल्या काही मिनिटांत : कपडे उतरवायचे, अंग साबण-पाण्याने आणि डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचे. बारीत ज्यांनी आपणहून कपडे टाकून अंग धुतले, त्यांची अवस्था बरी होती. उशीर झाला तरी धुणे सोडायचे नाही, निदान इतरांना तरी लागण होत नाही. पुढचा इलाज लक्षणांवर असतो. फोडांची भाजल्यासारखी काळजी घ्यायची, पण भाजलेल्या रुग्णाला देतात तितके सलाइन द्यायचे नाही, कारण इथे शरीरातले पाणी तेवढे जात नाही. डोळ्यांत प्रतिजैविकांचे थेंब आणि पापण्या चिकटू नयेत म्हणून व्हॅसलीन, पण घट्ट पट्टी नको. डोळे सुजून बंद झाले की रुग्ण आंधळे झालो म्हणून हादरतो. बहुतेकांची दृष्टी परत येते, आणि हे त्याला सांगणे हाही उपचारच. श्वासनलिका सोलवटल्या असतील तर ऑक्सिजन, कधी व्हेंटिलेटर. एवढे करूनही मागे बरेच उरते. इराण-इराक युद्धात 1980 च्या दशकात मस्टर्ड झेललेल्या इराणी सैनिकांना आणि सरदश्त गावच्या नागरिकांना फुफ्फुसांचे व डोळ्यांचे विकार पुढे दशकानुदशके छळत राहिले.

अलेक्झांडर यांनी निदान कळवले आणि उपचार बदलले. वैद्यकीय कागदपत्रांत मस्टर्डचे नाव येऊ देण्यास मात्र चर्चिल यांचा विरोध होता. जर्मनांना सुगावा लागू नये, ही त्यामागची भीती. ब्रिटिश नोंदींत या जखमा शत्रूच्या कारवाईतील भाजण्याच्या म्हणून लिहिल्या गेल्या. आयसेनहॉवर यांनी अलेक्झांडर यांचा अहवाल स्वीकारला, पण तो गोपनीय राहिला. मस्टर्डने बाधित सहाशेहून अधिक जवान-खलाशी इस्पितळात होते, त्यांतले 83 त्याच महिन्यात गेले. बारीच्या रहिवाशांना तर कुणी काही सांगितलेच नाही. ते आपापल्या घरी नाहीतर नातलगांकडे पळाले, आणि त्यांच्या मृत्यूंची मोजदाद झाली नाही. युद्धातली गुप्तता समजू शकते. पण कपडे काढून अंग धुवा, एवढे सांगायला जर्मनांचा अडसर नव्हता.

या अहवालातली एक नोंद युद्धानंतरही कामाला आली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटत होत्या. एरवी एका घन मिलिमीटरमध्ये चार ते अकरा हजार असणारी संख्या काहींच्या बाबतीत शंभराच्या घरात आली. आधी लिम्फोसाइट गायब होत, मग बाकीच्या. पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये क्रुंभार दांपत्याने असेच निरीक्षण नोंदवले होते, पण ते मागे पडले होते. अलेक्झांडर यांनी स्वतः एजवूडमध्ये नायट्रोजन मस्टर्ड दिलेल्या सशांत हे पाहिले होते. बारीत त्यांनी शवविच्छेदने करून ऊतींचे नमुने जपून पाठवले. जे रसायन झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना एवढे मारते, ते कर्करोगाच्या पेशींना का मारणार नाही, हा प्रश्न त्यांच्या वरिष्ठांपैकी कर्नल कॉर्नेलियस ऱ्होड्स यांनी उचलून धरला. हेच ऱ्होड्स पुढे न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेचे प्रमुख झाले.

केमोथेरपीचा जन्म बारीत झाला, असे सर्रास लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या पुढाकाराने 1942 मध्येच लिम्फोसार्कोमाच्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड दिले गेले होते. गाठी विरघळल्या, पण परत आल्या. तेही काम गुपित होते आणि 1946 मध्ये प्रसिद्ध झाले. बारीने भर घातली ती माणसांवरच्या पुराव्याची, तीही शेकड्यांनी. आज स्तनाच्या कर्करोगात आणि लिम्फोमात दिले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड किंवा मायलोमातले मेल्फालान ही याच घराण्यातली औषधे. केमोच्या प्रत्येक फेरीआधी रक्त तपासून पांढऱ्या पेशी मोजतात, त्या याच परिणामाच्या भीतीने.

युद्ध संपल्यावर ऱ्होड्स यांनी अलेक्झांडर यांना कर्करोग संशोधनात येण्याचे आमंत्रण दिले. त्यांनी ते नाकारले. वडिलांना शब्द दिलेला होता. युद्धकाळात भेटलेल्या बर्निस या लष्करी परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि पार्क रिजला परतून ते फॅमिली डॉक्टर झाले. गावातल्या पिढ्यांचे सर्दी-खोकले, रक्तदाब, हृदयविकार त्यांनी पाहिले. बारीविषयी ते फारसे बोलत नसत. ब्रिटनने आपल्या माजी खलाशांच्या जखमा मस्टर्डच्या असल्याचे मान्य करून त्यांच्या निवृत्तिवेतनात दुरुस्ती केली ती 1980 च्या दशकात. अमेरिकी लष्कराच्या सर्जन जनरलने अलेक्झांडर यांचा गौरव केला तो 1988 मध्ये, बारीनंतर 45 वर्षांनी. तीन वर्षांनी, 1991 मध्ये, मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.