राजा आनंद महिदोल : न सुटलेले कोडे

थायलंडचे नाव निघाले की सुंदर बुद्धमूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्याच देशाच्या एका तरुण बौद्ध राजाची हकिकत आम्ही उपासक-उपासिकांपुढे ठेवीत आहोत. नाव आनंद महिदोल. तथागतांच्या सेवेत अखेरपर्यंत राहिलेल्या भन्ते आनंदांचेच हे नाव.

आनंद यांचा जन्म २० सप्टेंबर १९२५ रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाला. वडील राजपुत्र महिदोल हे डॉक्टर. आई संगवान राजघराण्यातल्या नव्हेत; सोनाराच्या घरी जन्मल्या, लहानपणीच पोरक्या झाल्या आणि शिकून नर्स बनल्या. १९२९ साली वडील वारले, तेव्हा आनंद अवघे चार वर्षांचे होते. माऊलीने तिन्ही लेकरांना स्वित्झर्लंडमधील लोझान येथे साधेपणाने वाढविले. १९३५ मध्ये काकांनी गादी सोडली आणि नऊ वर्षांचा हा शाळकरी मुलगा राजा झाला! कारभार अर्थात राजप्रतिनिधी पाहत.

महायुद्ध संपल्यावर डिसेंबर १९४५ मध्ये ते मायदेशी परतले. बँकॉकमध्ये तेव्हा थाई आणि चिनी लोकांत दंगे झाले होते, मने कलुषित होती. ३ जून १९४६ रोजी धाकटे बंधू भूमिबोल यांना घेऊन राजे चिनी वस्तीतल्या सांपेंग गल्लीत पायी फिरले, दुकानदारांची विचारपूस केली. वीस वर्षांच्या पोराला केवढी ही समज! कायद्याचे शिक्षण पुरे करायला ते आठवड्याभरात परत जाणार होते.

पण ९ जूनच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास राजवाड्यात गोळीचा आवाज झाला. राजे बिछान्यावर निपचित पडलेले, कपाळात गोळी, डाव्या हाताजवळ पिस्तूल. राजे तर उजव्या हाताचे! मग हे घडलं कसं? अपघात, आत्महत्या की खून? घात असा झाला की तपास होण्याआधीच देह धुतला गेला, पिस्तूल जागेवरून हलविले गेले. पुरावाच पुसला गेला, मग खरं काय ते कळणार कसं?

सरकारने आधी अपघात म्हटले. डॉक्टरांच्या समितीतील बहुतेकांनी खुनाकडे बोट दाखविले. विरोधकांनी पंतप्रधान प्रीदी यांच्यावर संशय पसरविला. १९४७ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, प्रीदींना देश सोडावा लागला. चित आणि बुत हे दोन महालसेवक व चलियाव हे माजी सचिव पकडले गेले. १९५१ मध्ये पहिल्या न्यायालयाने एकट्या चितला दोषी धरले. अपिलात बुतही दोषी ठरला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही मृत्युदंड दिला. तिघांपैकी कोणी गोळी झाडली, हे मात्र शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. १७ फेब्रुवारी १९५५ रोजी तिघांना गोळ्या घालण्यात आल्या.

राजाच्या आईने पोर गमावले, तसेच त्या तिघांच्या घरच्यांनीही आपले माणूस गमावले. राजाची आठवण सारे जग ठेवते; त्या सेवकांची कोण ठेवणार? ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, ही बुद्धांची शिकवण. कुणाच्या जीवाचा निवाडा करताना तरी ती सुटू नये, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.