पिसू, उंदीर आणि परळचे हाफकिन

कीटक म्हटला की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे मावा, तुडतुडे, बोंडअळी उभी राहते. पीक खाणारा तो शत्रू आणि मध किंवा रेशीम देणारा तो मित्र, एवढाच आपला हिशेब. पण राळ्याच्या दाण्याएवढ्या एका किड्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आख्खी मुंबई रिकामी करायची वेळ आणली होती. तो किडा म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू. तिने पसरवलेल्या प्लेगशी ज्यांनी झुंज दिली, त्या वाल्डेमार हाफकिन यांची ही हकीकत. सर्पदंशाच्या लशीमुळे हाफकिन हे नाव खेड्यापाड्यांत माहीत आहे, पण तो माणूस कोण हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, ज्यू घराण्यात झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्र शिकलेले होते. डॉक्टर मंडळींनी त्यांना आपल्यातले मानले नाही, त्याचे एक कारण हेच. पॅरिसला पाश्चर संस्थेत त्यांना जागा मिळाली ती ग्रंथालयात मदतनीस म्हणून. तिथे काम करता करता त्यांनी पटकीवर लस तयार केली आणि १८९२ साली ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि गावोगाव फिरून लोकांना पटकीची लस टोचू लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची पेठ. गोदामे, पोती आणि उंदीर यांचा तिथे सुकाळ. रोग पसरला तशी माणसे गावाकडे पळाली, गिरण्यांत हात कमी पडू लागले. पळणाऱ्यांच्या मागोमाग रोगही कोकणात नि देशावर पोचला. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी नेले. उंदीर पडले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे जुन्या माणसांच्या तोंडून अनेकांनी ऐकले असेल.

सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत त्यांनी काम मांडले. शेळीच्या मांसाचा रस्सा, वर तुपाचे थेंब, आणि त्या थेंबांखाली लोंबत वाढणारे प्लेगचे जंतू. ते उष्णतेने मारायचे आणि त्याचीच लस करायची, अशी रीत. हिंदू-मुसलमान दोघांनाही चालावे म्हणून शेळीचेच मांस घेतले होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली लस स्वतःला टोचली, मग भायखळ्याच्या तुरुंगात खुशीने पुढे आलेल्या कैद्यांना. टोचलेल्यांत रोगी आणि मृत्यू दोन्ही कमी निघाले. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्रयोगशाळा थाटली गेली.

मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सगळी माणसे एकाच बाटलीतून टोचलेली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना काम सोडावे लागले. पुढे तपासात निघाले की बाटली उघडताना गावातच चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. १९०७ साली ते निर्दोष ठरले, पण उमेदीची वर्षे गेली ती गेलीच.

रोग नेमका पसरतो कसा, हे लस निघाली तेव्हा कुणाला पक्के माहीत नव्हते. कुणी हवेला दोष देई, कुणी धान्याला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पिसूकडे बोट दाखवले, तेव्हा फार जणांनी मानले नाही. १९०५ पासून परळलाच प्लेग कमिशनने प्रयोग केले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातली जनावरे आजारी पडली आणि पिसूची उडी पोचणार नाही अशा उंचीवर टांगलेली वाचली. उंदीर मेला, अंग गार पडले की पिसू त्याला सोडते आणि मिळेल त्याला चावते. जंतूंनी तिची अन्ननळी तुंबते, पोट भरत नाही, म्हणून ती परत परत चावते नि रोग देत सुटते. पिसूच रोग पसरवते हे सिद्ध झाले ते हाफकिन यांनी उभारलेल्या प्रयोगशाळेत, पण त्या वेळी ते स्वतः तिथे नव्हते.

पुढे काही वर्षे त्यांनी कलकत्त्यात काम केले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी उंदीर पडले, पिसवांचा त्रास झाला आणि त्यानंतर गाठीचे संशयित रोगी निघाले. म्हणून सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विष घातले नसताना गावात उंदीर मरून पडू लागले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला खबर द्यावी. मेलेल्या उंदराला उघडा हात लावू नये. अशा वेळी घाईने विषही घालू नये. उंदीर मेले की त्यांच्या पिसवा माणसाकडे वळतात. आधी पिसवांसाठी फवारणी, मग उंदीर, हाच क्रम. एरवी मात्र कणगी जमिनीपासून उंच ठेवावी, पोती भिंतीला टेकवू नयेत आणि बांधावरची बिळे वेळच्या वेळी बुजवावीत. धान्यही वाचेल आणि घरची माणसेही.