वालचंद हिराचंद
वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, १८८२ - ८ एप्रिल, १९५३) हे सोलापूर येथे जन्मलेले भारतीय उद्योगपती होते. रेल्वेच्या कंत्राटांनंतर १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. पुणे जिल्ह्यात मात्र त्यांची ओळख इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरमुळे आहे.

बारामतीकडून येणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या परिसरात त्यांनी ऊसशेती व तिच्यालगतच साखर कारखाना उभारला. तोडलेल्या उसातील सुक्रोजचे विकरांमुळे व सूक्ष्मजीवांमुळे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होऊन साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे हे सान्निध्य मोलाचे ठरले. कारखान्यात रसातील आम्ल चुन्याने उदासीन केले जाते. उरलेले बगॅस बाष्पकात जाळतात; या उष्मादायी अभिक्रियेतील उष्णतेवरच रस आटवला जातो. पुढे वालचंदनगरमध्ये साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीही तयार होऊ लागली.