दापोडीच्या बागेतून सह्याद्रीच्या रानात

बागकाम हा ब्रिटिशांचा राष्ट्रीय छंद मानला जातो. घर कितीही लहान असो, त्याच्या पुढेमागे चार वाफे हवेतच, असा तेथील सामान्य माणसाचा आग्रह असतो. लंडनमध्ये १८०४ साली उद्यानविद्येसाठी स्थापन झालेली संस्था आजही या छंदाचे नेतृत्व करते. साम्राज्याबरोबर हा छंद हिंदुस्थानातही आला. छावण्यांतील बंगल्यांसमोर विलायती फुलांचे ताटवे फुलले आणि उन्हाळ्यात ते जगवताना माळी घामाघूम झाले. बहुतेकांची हौस कुंपणापाशीच थांबली. कुंपणापलीकडच्या डोंगरांकडेही माळ्याच्या नजरेने पाहणारे जे थोडे निघाले, त्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमधील किनकार्डिनशायर परगण्यात झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १८२५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत शल्यचिकित्सक म्हणून दाखल झाले. त्या काळी औषधे मुख्यतः वनस्पतींपासूनच बनत, त्यामुळे डॉक्टरला वनस्पतिशास्त्र येणे अपरिहार्य होते. पुढे देवीची लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या निमित्ताने ते दख्खन आणि खानदेशातील गावोगाव हिंडले. या भटकंतीत त्यांना इथली झाडे जशी कळली, तशी त्या झाडांवर जगणारी माणसेही कळली.

पुण्याजवळ पवनेकाठी दापोडी येथे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले होते. १८३८ मध्ये गिब्सन त्याचे अधीक्षक झाले. दापोडीची बाग केवळ शोभेसाठी नव्हती. तेथे आणि जुन्नरजवळच्या हिवरे येथील तिच्या शाखेत सोनामुखीसारख्या औषधी वनस्पतींची लागवड होई. विलायतेहून महागडी औषधे मागवण्याऐवजी ती इथेच पिकवून लष्करी व सरकारी दवाखान्यांना पुरवावीत, हा त्यामागचा हेतू होता. बागेतील आणि आसपासच्या रानातील वनस्पतींची सुंदर रंगीत चित्रेही गिब्सन यांनी एका पोर्तुगीज वंशाच्या स्थानिक चित्रकाराकडून करवून घेतली. ही चित्रे आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी नोंदवून ठेवले नाही.

बागेत काम करणाऱ्याला एक गोष्ट चटकन कळते : सावली गेली की माती सुकते आणि माती सुकली की पाणी आटते. कोकणातील उजाड होत चाललेल्या डोंगरांवर गिब्सन यांना हेच मोठ्या प्रमाणावर घडताना दिसले. इमारती लाकूड आणि सरपण यांसाठी मुंबईची भूक वाढत होती. जंगले तुटली की झरे आटतात आणि नद्या-खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी १८४० च्या दशकात सरकारला वारंवार लिहून कळवले. १८४७ मध्ये सरकारने त्यांना मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमले. पाठोपाठ रेल्वे आली. १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत पोहोचली आणि लाकडाची मागणी आणखी वाढली. या ओढाताणीतच त्यांची कारकीर्द गेली. १८६० मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी एन. ए. डालझेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वारशाला दुसरीही बाजू आहे. जंगल राखण्याच्या धोरणाचा पहिला फटका डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्यांना बसला. गिब्सन यांचाही या शेतीला विरोधच होता. १८७८ च्या वन कायद्याने बंधने अधिक आवळली. राबासाठी फांद्या तोडणारा शेतकरी आणि रानावर जगणारे ठाकर-कातकरी आपल्याच डोंगरात गुन्हेगार ठरू लागले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला, की १८८० च्या दशकात सरकारला त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमावा लागला. बागेला कुंपण घालता येते. ज्या रानात माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्याला घातलेले कुंपण मात्र त्या माणसांच्या पोटावर येते. हा प्रश्न बागवानीच्या शास्त्राने सुटणारा नव्हता.

तरीही गिब्सन यांनी ओळखलेले पाण्याचे गणित खोटे ठरलेले नाही. कर्जत तालुक्यातील पोशीर नदी सह्याद्रीच्या रानातून उतरून उल्हासला मिळते. महामुंबईची तहान भागवण्यासाठी या नदीवर धरण बांधण्याच्या प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. पूर्वी या डोंगरांनी मुंबईला लाकूड दिले, आता पाणी द्यायचे आहे. माथ्यावरचे रान आणि त्या रानातली माणसे, दोन्ही टिकली तरच ते पाणी टिकेल. यांपैकी पहिली गोष्ट गिब्सन यांना कळली होती. दुसरी शिकायला त्यांच्या वारसदारांना फार वर्षे लागली.